गाडीच्या कॅमेऱ्यामागचं न्यूरल नेटवर्क आटोपशीर कसं करावं: मुंबईच्या रस्त्यांसाठी पायरीपायरीनं

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी म्हणा किंवा नव्या नोकरीत म्हणा, गाडीच्या काचेमागे लावलेल्या कॅमेऱ्यातून माणसं, रिक्षा, दुचाकी ओळखणारं मॉडेल तुम्ही ट्रेन केलंत. मोठ्या ग्राफिक्स कार्डाच्या मशीनवर ते झकास चालतं. तेच गाडीतल्या छोट्या बोर्डावर चढवलं की सेकंदाला जेमतेम काही फ्रेम निघतात, बोर्ड तापतो आणि ओळखलेल्या वस्तूंभोवती पडद्यावर काढलेल्या चौकटी गाड्यांच्या मागे रेंगाळायला लागतात. तिथून पुढे काय करायचं, ते इथे क्रमानं दिलं आहे.

हा क्रमच सगळ्यात महत्त्वाचा. नवीन माणूस बहुधा थेट प्रूनिंगकडे (मॉडेलचे निकामी भाग छाटण्याकडे) धावतो, कारण ते नाव ऐकलेलं असतं आणि कामही जोरदार वाटतं. त्यात दोन-तीन आठवडे जातात आणि वेग तसूभरही वाढत नाही. आधी मोजा, मग इनपुट कापा, मग आकड्यांची प्रिसिजन (एक आकडा किती बिटमध्ये ठेवायचा ते) उतरवा, आणि एवढ्यानंही भागलं नाही तरच मॉडेलच्या अंगाला हात लावा. पहिल्या तीन गोष्टींत जितकं मिळतं तितकं चौथीत क्वचितच मिळतं.

उदाहरणासाठी एकच जुळणी धरून चालू. बोर्ड एनव्हिडियाचा जेटसन ओरिन नॅनो, ८ जीबीचा. मॉडेल योलोव्ही८-एस, वस्तू ओळखून चौकटी देणारं. कॅमेरा १९२० बाय १०८० पिक्सेलचा, आडवा दृष्टिकोन ६० अंश. ट्रेनिंग पायटॉर्च या लायब्ररीत, तिथून ओएनएनएक्स फाइल (मॉडेल एका साधनातून दुसऱ्यात न्यायचं रूप), आणि बोर्डावर ते मॉडेल वेगानं चालवणारं टेन्सरआरटी. घरी कार्ड नसेल तर गूगल कोलॅबवर मिळणारं टी४ कार्ड ट्रेनिंगला पुरतं. एक सूचना आत्ताच: अल्ट्रालिटिक्स कंपनीचा योलो एजीपीएल-३.० परवान्याखाली येतो. अभ्यासासाठी अडचण नाही, पण विकायच्या वस्तूत घालणार असाल तर तो परवाना वाचून मगच पुढे जा.

आणि दुसरी: हे सगळं शिकत असताना मॉडेलचं उत्तर ब्रेकला किंवा स्टिअरिंगला जोडू नका. फक्त नोंद करा आणि घरी येऊन तपासा.

किती वेळ परवडतो, ते आधी ठरवा

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. कॅमेऱ्यात दृश्य येण्यापासून चौकट हातात पडेपर्यंत १५० मिलिसेकंद लागले, तर तेवढ्यात गाडी अडीच मीटर पुढे गेलेली असते. अटल सेतूवर चारचाकीला ताशी १०० ची मर्यादा आहे. तिथे तेच १५० मिलिसेकंद ४.२ मीटरचे होतात. दादरच्या गर्दीत वेग दहाचाच असेल, पण तिथे दोन गाड्यांमधलं अंतर हातभर असतं आणि दुचाकी त्याच फटीतून आत शिरते. म्हणजे उशीर कुठेच फुकट नाही.

३० फ्रेमचा कॅमेरा असेल तर एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद मिळतात. त्यातले सगळे नेटवर्कला देता येत नाहीत. फ्रेम उचलणं, आकार बदलणं, नेटवर्क, चौकटींची छाटणी (एकाच वस्तूवरच्या जादा चौकटी काढणं), ट्रॅकिंग (फ्रेममागून फ्रेम वस्तूचा माग ठेवणं) अशी वाटणी कागदावर करा. आमचा सल्ला असा की नेटवर्कसाठी १५ च्या वर धरू नका आणि निदान ५ मिलिसेकंद शिल्लक ठेवा. ती शिल्लक पुढे उष्णतेत आणि गर्दीत संपते.

पायरी १: खरी मोजणी

मोजण्यातली पहिली चूक अशी: पायटॉर्च कार्डाला काम सोपवून लगेच पुढे निघून जातो, काम संपायची वाट पाहत नाही. तुम्ही दोन ओळींच्या मधला वेळ मोजलात तर तो काम सोपवण्याचा वेळ असतो, काम होण्याचा नव्हे. म्हणून घड्याळ लावण्याआधी आणि थांबवण्याआधी, दोन्ही वेळा कुडा सिंक्रोनाइझ करा (कार्डाचं काम संपेपर्यंत थांबायला लावणारी आज्ञा). सुरुवातीच्या ५० फेऱ्या सोडून द्या, कारण त्यात मेमरी वाटप आणि कर्नलची (कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) निवड चालू असते. मग १००० फेऱ्या घ्या आणि सरासरीऐवजी मधला आकडा आणि शंभरातला नव्व्याण्णवावा आकडा (शंभरातल्या ९९ फेऱ्या ज्याच्या आत संपतात तो) लिहून ठेवा. सरासरी २० आणि नव्व्याण्णवावा ६० असेल तर दर शंभर फ्रेममध्ये एखादी फ्रेम हुकते आहे, आणि ती नेमकी गर्दीचीच असण्याची शक्यता जास्त.

बॅच (एका वेळी दिलेल्या फोटोंची संख्या) नेहमी १ ठेवा. बॅच १६ वर मोजलेला वेग गोदामातल्या फोटोंसाठी ठीक आहे. गाडीत एका वेळी एकच फ्रेम येते.

जेटसनवर मोजताना वीज-मोड ठरवून घ्या. एनव्हीपीमॉडेल या आज्ञेनं मोड निवडा, जेटसन क्लॉक्स चालवून घड्याळं स्थिर करा, आणि बाजूच्या खिडकीत टेग्रास्टॅट्स चालू ठेवा म्हणजे तापमान आणि वेग दिसत राहील. मोड न लिहिता ठेवलेली मोजणी पुढच्या आठवड्यात तुमच्याच कामाची राहत नाही.

मग प्रत्येक टप्पा वेगळा मोजा. नेटवर्कचा वेळ एकूण वेळेच्या निम्माच निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. फ्रेमचा आकार सीपीयूवर बदलणं, बीजीआरचं आरजीबी करणं (रंगांचा क्रम बदलणं), मेमरीतून मेमरीत नकला काढणं, यांत बराच वेळ जातो. आकार बदलण्याचं काम जेटसनच्या हार्डवेअर कन्व्हर्टरकडे जीस्ट्रीमर या व्हिडिओच्या साधनातून सोपवा. फ्रेम साठवूनही ठेवायची असेल तर लक्षात घ्या: ओरिन नॅनोमध्ये व्हिडिओ डीकोडर आहे, हार्डवेअर एन्कोडर (व्हिडिओ दाबून साठवणारा भाग) नाही. रेकॉर्डिंग चालू केलं की ते सीपीयूवर पडतं आणि तुमच्या मोजणीत भलताच उशीर दिसू लागतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. गणितक्रिया कमी म्हणजे वेळ कमी, असं सरळ नातं नाही. २०१४ साली स्टॅनफर्डचे प्राध्यापक मार्क हॉरोविट्झ यांनी ४५ नॅनोमीटरच्या चिपसाठी मांडलेले ऊर्जेचे आकडे आजही दिशा दाखवतात: ३२ बिटचा एक फ्लोट (दशांश) गुणाकार सुमारे ३.७ पिकोज्यूल, ८ बिटचा पूर्णांक गुणाकार ०.२, आणि चिपबाहेरच्या मेमरीतून, म्हणजे डीरॅममधून, ३२ बिट वाचणं सुमारे ६४०. गुणाकार स्वस्त आहे, ने-आण महाग आहे. योलोव्ही८-एसचे १.१२ कोटी वेट्स (मॉडेलनं शिकलेले आकडे) ३२ बिटमध्ये ४५ एमबी होतात, पण ६४० बाय ६४० च्या इनपुटवर नुसत्या पहिल्या लेयरचं (थराचं) उत्तर ३२० बाय ३२० बाय ३२, म्हणजे १३ एमबी असतं, आणि असे लेयर एकामागून एक येत राहतात. पुढची प्रत्येक पायरी ही ने-आण कमी करण्याचीच आहे.

पायरी २: चाचणीचे फोटो आधी, कापाकापी नंतर

मॉडेल हलकं करताना काय गमावलं हे कळायला चाचणीचा संच पक्का हवा. कोको या प्रसिद्ध संचातल्या ८० वर्गांत ऑटोरिक्षा नाही. त्यावर शिकलेलं मॉडेल रिक्षाला कधी कार म्हणतं, कधी ट्रक. सुरुवातीला हैदराबादच्या ट्रिपल आयटीचा इंडियन ड्रायव्हिंग डेटासेट घ्या: हैदराबाद-बंगळूर परिसरातल्या १८२ फेऱ्यांमधून निवडलेली १०,००४ चित्रं, ३४ वर्ग, आणि त्यात रिक्षा वेगळा वर्ग आहे. तेवढ्यावर मुंबई भागत नाही, म्हणून स्वतःचे फोटो लागतात.

ते गोळा करताना मुंबईची एक गोष्ट विसरली की सगळं बिघडतं. रिक्षा वांद्रे आणि सायनपर्यंतच येते. त्याच्या दक्षिणेला रिक्षाला मनाई आहे. कुलाबा ते माहीम हिंडून गोळा केलेल्या फोटोंत रिक्षा जवळजवळ नसतेच, काळी-पिवळी टॅक्सी मात्र भरपूर. अंधेरी-घाटकोपरला उलट चित्र. आता रिक्षाही काळी-पिवळी आणि टॅक्सीही. नुसत्या उपनगरातल्या फोटोंवर शिकलेलं मॉडेल आकाराऐवजी रंगावर विसंबायला शिकू शकतं, आणि अशा काठावरच्या ओळखी प्रिसिजन उतरवल्यावर सगळ्यात आधी ढासळतात. म्हणून दोन्ही भागांतल्या फेऱ्या घ्या, शक्यतो सारख्या प्रमाणात.

संचात हेही हवं: हातगाडी, डोक्यावर पाटी घेतलेला माणूस, डब्यांनी लगडलेली सायकल, बेस्टची बस अगदी शेजारी खेटून, रस्त्याच्या कडेला उभी गाय, पावसात छत्र्या आणि रेनकोट. छत्रीखालच्या माणसाचं डोकं दिसत नाही आणि लहान मॉडेल तिथे चटकन हार मानतं. रात्रीचे, समोरून हेडलाइट येणारे फोटो घ्या. कोस्टल रोडच्या सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्यातून बाहेर पडतानाचे काही सेकंद जरूर घ्या; कॅमेऱ्याचं एक्सपोजर सावरेपर्यंत फ्रेम पांढरीफटक होते.

ट्रेनिंग आणि चाचणीची वाटणी फेरीनुसार करा, फ्रेमनुसार नको. एकाच व्हिडिओतली एक फ्रेम इकडे आणि तिच्या शेजारची तिकडे गेली तर मॉडेल पाठ केलेलं उत्तर लिहितं आणि तुम्हाला वाटतं फारच छान चाललंय.

निकाल एका एमएपीच्या (सगळ्या वर्गांच्या सरासरी अचूकतेच्या) आकड्यात बघू नका. वर्ग वेगळे, आणि त्यातही चौकटीची उंची वेगळी: २० पिक्सेलच्या आत, २० ते ६०, ६० च्या वर. प्रत्येक खान्यात रिकॉल (खऱ्या वस्तूंपैकी किती सापडल्या ते) लिहा. एमएपी अर्ध्या टक्क्यानं उतरला असं दिसत असताना लांबच्या पादचाऱ्यांचा रिकॉल सात-आठ टक्क्यांनी गेलेला असू शकतो, कारण गाड्यांची भरघोस संख्या तो खड्डा झाकून टाकते. आम्ही सुचवू ती अट: पादचारी आणि दुचाकी यांच्या कुठल्याही खान्यात एका टक्क्याहून जास्त घसरण झाली तर तो बदल मागे घ्यायचा.

पायरी ३: इनपुट

इथे सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त मिळतं, आणि लोक इथेच घाईनं पुढे जातात.

आधी हिशेब. १९२० पिक्सेल रुंदी आणि ६० अंशांचा कोन म्हणजे पिक्सेलमधली फोकल लांबी ९६० भागिले ०.५७७, सुमारे १६६३. त्यावरून १.७ मीटर उंचीचा माणूस ५० मीटरवर ५६ पिक्सेलचा आणि १०० मीटरवर २८ पिक्सेलचा दिसतो. फ्रेम ६४० रुंद केली की हे आकडे तिसऱ्या हिश्शावर येतात: १९ आणि ९. योलो चित्रावर जाळी टाकून बघतो, आणि त्याच्या सगळ्यात बारीक जाळीचं एक घर ८ पिक्सेलचं असतं. १०० मीटरवरचा माणूस जेमतेम एका घराएवढा होतो. तिथे त्याला ओळखण्याची अपेक्षाच ठेवू नये. कुठल्या अंतरापर्यंत काय दिसायला हवं ते ठरवा आणि रुंदी त्यावरून काढा.

आता वाया जाणारं काम. १९२० बाय १०८० ची फ्रेम ६४० रुंद केली तर उंची ३६० होते. पण नेहमीच्या पद्धतीनं ती ६४० बाय ६४० च्या चौकोनात बसवतात आणि वर-खाली राखाडी पट्ट्या भरतात. नेटवर्क त्या पट्ट्यांवरही तितकंच राबतं. उंची ३२ च्या पटीत लागते, म्हणून ३८४ घ्या. ६४० बाय ३८४ केल्याबरोबर काम ६० टक्क्यांवर येतं: योलोव्ही८-एसच्या २८.६ अब्ज क्रिया सुमारे १७ अब्ज होतात. अचूकतेत फरक पडत नाही, कारण काढली ती फक्त राखाडी पट्टी.

त्याहून चांगली युक्ती कापण्याची आहे. काचेमागच्या कॅमेऱ्यात वरचा भाग बहुधा इमारतींनी आणि आभाळानं भरलेला असतो, खालचा बॉनेटनं. १०८० ओळींपैकी मधल्या ७६८ ठेवा आणि फ्रेम बरोबर निम्मी करा: ९६० बाय ३८४. यात ३,६८,६४० पिक्सेल आहेत, तर ६४० च्या चौकोनात ४,०९,६००. म्हणजे चौकोनापेक्षा कमी कामात दीडपट बारकावा मिळाला, आणि १०० मीटरवरचा माणूस ९ ऐवजी १४ पिक्सेलचा झाला. मॉडेल मात्र याच मापावर पुन्हा ट्रेन करा. चौकोनावर शिकलेलं तसंच वापरलं तर थोडं नुकसान होतं.

कापताना दोन गोष्टी सांभाळा. उड्डाणपुलावर चढताना आणि उतरताना क्षितिज फ्रेममध्ये वर-खाली सरकतं, त्यामुळे जेजे उड्डाणपुलासारख्या उताराच्या फेऱ्या बघूनच कापायची रेघ ठरवा. आणि वर टांगलेले सिग्नल या कापलेल्या पट्टीत येणार नाहीत. सिग्नल ओळखायचे असतील तर वरच्या भागाचा छोटा तुकडा वेगळा काढा आणि तो दर पाचव्या फ्रेमला चालवा. सिग्नलचा रंग चार फ्रेम उशिरा कळला म्हणून काही अडत नाही.

पायरी ४: १६ बिट

ही पायरी छोटी आहे. ओएनएनएक्स फाइल बोर्डावर न्या आणि टीआरटीएक्झेकला (टेन्सरआरटीसोबत येणाऱ्या आज्ञेला) एफपी१६ चा, म्हणजे १६ बिटचा, पर्याय देऊन इंजिन (त्या बोर्डासाठी तयार केलेली मॉडेलची फाइल) बांधा. अचूकता सहसा हलत नाही, वेट्सची जागा निम्मी होते आणि टेन्सर कोअर (चिपमधले याच गणितासाठीचे भाग) कामाला लागतात. बॅच नॉर्मलायझेशन (आकडे एका मापात आणणारा लेयर) कन्व्होल्यूशनमध्ये (चित्रावर छोट्या चाळण्या फिरवणाऱ्या लेयरमध्ये) मिसळण्याचं काम टेन्सरआरटी आपोआप करतो. इंजिन ज्या बोर्डावर चालवायचं तिथेच बांधा. टी४ वर बांधलेलं ओरिनवर चालत नाही, आणि टेन्सरआरटीची आवृत्ती बदलली की साधारणपणे पुन्हा बांधावं लागतं.

इथेच वेळेची वाटणी जमली तर थांबा. पुढच्या पायऱ्यांत मेहनत जास्त आहे.

पायरी ५: ८ बिट, आणि इथे काय काय बिघडतं

८ बिटमध्ये प्रत्येक आकडा उणे १२७ ते १२७ मधल्या पूर्णांकात बसवायचा असतो. त्यासाठी स्केल ठरवतात: त्या लेयरमधला सगळ्यात मोठा आकडा भागिले १२७. समजा बहुतेक आकडे ० ते ६ मध्ये आहेत, पण हेडलाइटच्या झगमगाटामुळे एक आकडा ६० ला गेला. स्केल झालं ०.४७, आणि ० ते ६ या सगळ्या कामाच्या पट्ट्याला जेमतेम १२-१३ पायऱ्या उरल्या. तोच पट्टा ८ ला कापला तर स्केल ०.०६३ होतं आणि ९५ पायऱ्या मिळतात. त्या एका ६० चं नुकसान सोसून बाकी सगळ्यांचं भलं होतं. कॅलिब्रेशन म्हणजे ही कापायची रेघ फोटो बघून ठरवणं. एंट्रॉपी आणि पर्सेंटाइल या पद्धती ती रेघ शोधतात. मिन-मॅक्स थेट सगळ्यात लहान आणि मोठा आकडा घेते, रेघ शोधत नाही, म्हणून रात्रीच्या फोटोंवर तीच बहुधा दगा देते. वेट्ससाठी मात्र प्रत्येक चॅनेलला (लेयरच्या एकेका चाळणीला) वेगळं स्केल घ्या, त्याला काहीच किंमत मोजावी लागत नाही.

कॅलिब्रेशनसाठी ५०० ते १००० फोटो पुरतात, पण कुठले ते महत्त्वाचं. ६०० चा संच असा करा: २०० दिवसाचे, १५० रात्रीचे, १५० पावसातले, १०० बोगदा, पुलाखालची सावली आणि संध्याकाळचं समोरचं ऊन यांचे. सेकंदाला एकाहून जास्त फ्रेम घेऊ नका, नाहीतर ६०० फोटो दिसतात पण दृश्यं वीसच असतात. नुसत्या दुपारच्या फोटोंवर कॅलिब्रेट केलेलं मॉडेल रात्री कोसळतं, आणि कारण शोधताना माणूस मॉडेलला दोष देत बसतो.

फोटोंची तयारी अगदी चालवतानाच्या पद्धतीनंच व्हायला हवी: तीच कापणी, तोच रंगक्रम, तेच २५५ नं भागणं. कॅलिब्रेशनमध्ये बीजीआर आणि चालवताना आरजीबी, ही चूक फार होते. काहीही फुटत नाही, फक्त अचूकता गुपचूप घसरते.

आता ठरलेले सापळे.

टीआरटीएक्झेकला कॅलिब्रेशनची फाइल न देता इंट८ (८ बिटचा पर्याय) चालवलं तर ते स्केल मनानं भरतं. वेग खरा दिसतो, चौकटी मात्र निरर्थक येतात. तो आकडा फक्त वेगाच्या अंदाजासाठी वापरा. आणि इंट८ सोबत एफपी१६ चा पर्यायही द्या, नाहीतर जे लेयर ८ बिटमध्ये जात नाहीत ते थेट ३२ वर जातात.

सगळ्या चौकटी अचानक नाहीशा झाल्या तर मॉडेलचं शेवटचं टोक बघा. योलोच्या उत्तरात चौकटीचे कोपरे आणि वर्गाचे गुण एकाच टेन्सरमध्ये (आकड्यांच्या तक्त्यात) जोडलेले असतात. कोपरे ० ते ९६० च्या पट्ट्यात, गुण ० ते १ मध्ये. दोघांना एकच स्केल मिळालं तर एक पायरी साडेसातची होते आणि ०.९ चा गुणही शून्यात जातो. उपाय सोपा आहे: शेवटची जोडणी आणि कोपरे काढण्याचं गणित ८ बिटच्या बाहेर, १६ बिटमध्ये ठेवा.

अचूकता थोडीच घसरली असेल तर दोषी लेयर शोधा. एकेक लेयर १६ बिटवर नेऊन बाकी सगळे ८ वर ठेवा आणि पादचाऱ्यांचा रिकॉल बघा. बहुतेक वेळा पहिला कन्व्होल्यूशन आणि डिटेक्शन हेडचे (चौकटी काढणाऱ्या टोकाचे) शेवटचे लेयर नाजूक निघतात. पण मधूनमधून एकेक लेयर १६ वर ठेवत गेलात तर प्रत्येक सीमेवर आकडे एका रूपातून दुसऱ्या रूपात बदलावे लागतात आणि मिळवलेला वेग तिथेच जातो. १६ बिटचे लेयर सलग तुकड्यात ठेवा.

तरीही अट पाळली जात नसेल तर क्वांटायझेशन (आकडे कमी बिटमध्ये गोल करणं) धरून ट्रेनिंग करा. यात पुढे जाताना आकडे ८ बिटसारखे गोल केले जातात आणि मागे येताना ग्रेडियंट (वेट्स कुठल्या दिशेला बदलायचे ते सांगणारा आकडा) तसाच जाऊ दिला जातो, म्हणजे वेट्स गोल करण्याला सरावतात. शून्यापासून सुरुवात नको. शिकलेलं मॉडेल घ्या, मूळ ट्रेनिंगच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके एपॉक (सगळ्या फोटोंवरच्या पूर्ण फेऱ्या) चालवा आणि लर्निंग रेट (एका पावलात वेट्स किती बदलायचे ते) मूळच्या शंभराव्या भागावर ठेवा. रेट जास्त ठेवला तर मॉडेल शिकलेलं विसरतं. टेन्सरआरटीच्या नव्या आवृत्त्यांत क्यू-डीक्यू नोड (आकडे कुठे गोल करायचे ते सांगणाऱ्या खुणा) घातलेली ओएनएनएक्स फाइल हीच पुढची वाट आहे, तेव्हा जुन्या कॅलिब्रेटरपेक्षा हे शिकण्यात घातलेला वेळ कारणी लागेल.

एक टीप: इंटरनेटवर जेटसनसाठी डीएलएवर (चिपमधल्या, नेटवर्कसाठीच्या वेगळ्या भागावर) काम ढकलण्याच्या कृती सापडतील. डीएलए ओरिन एनएक्समध्ये आहे, ओरिन नॅनोमध्ये नाही. त्या कृती इथे लागू नाहीत.

पायरी ६: चौकटींची छाटणी

एकाच रिक्षावर आलेल्या दहा चौकटींतून एक ठेवण्याचं काम एनएमएस करतं. प्रत्येक चौकट दुसरीशी ताडून बघायची असल्यानं चौकटी दुप्पट झाल्या की तुलना चौपट होतात. पहाटेच्या मरीन ड्राइव्हवर हा वेळ दिसतही नाही. संध्याकाळी सहाला दादर स्टेशनबाहेर तोच वेळ फुगतो. नव्व्याण्णवावा आकडा बिघडण्याचं हे नेहमीचं कारण आहे. छाटणीआधीच कॉन्फिडन्सची (चौकटीबद्दल मॉडेलला असलेल्या खात्रीची) मर्यादा ०.२५ वर ठेवा, आणि गुणानुसार वरच्या ३०० चौकटीच पुढे पाठवा. एमएपी काढण्यासाठी वापरतात ती ०.००१ ची मर्यादा चुकून गाडीतल्या कोडमध्ये राहते. ती आधी शोधा. एनएमएस इंजिनच्या आतच बसवलं तर सीपीयूकडे होणारी ने-आणही वाचते.

छाटणीची आच्छादन-मर्यादा (दोन चौकटी एकमेकींवर किती आल्या की एक काढायची ते) फार कडक करू नका. इथे दुचाकी एकमेकींना चिकटून उभ्या असतात, आणि ०.४ ची मर्यादा दोन माणसांतल्या एकाला पुसून टाकू शकते. ०.६ पासून सुरुवात करून आपल्या फोटोंवर ठरवा.

दर फ्रेमला नेटवर्क चालवायलाच हवं असंही नाही. एकाआड एक फ्रेमला चालवा आणि मधल्या फ्रेममध्ये कॅल्मन फिल्टरनं (आधीच्या हालचालीवरून पुढची जागा काढणाऱ्या गणितानं) चौकट पुढे सरकवा. काम निम्मं होतं. किंमत एवढीच की नव्यानं समोर आलेली वस्तू एक फ्रेम, म्हणजे ३३ मिलिसेकंद उशिरा दिसते. बसच्या आडून निघणाऱ्या माणसासाठी तो उशीर चालेल का, हा निर्णय वेगाच्या मर्यादेवर ठरतो. ताशी ३० वर तो उशीर २८ सेंटिमीटरचा आहे.

पायरी ७: आता मॉडेल

पहिला प्रश्न सोपा ठेवा: मोठं मॉडेल कापण्याऐवजी लहानच घेतलं तर? त्याच घराण्यातल्या सगळ्यात लहान योलोव्ही८-एनचे ३२ लाख वेट्स आणि ८.७ अब्ज क्रिया आहेत. कोकोवर त्याचा एमएपी ३७.३, तर एसचा ४४.९. ही दरी पुढे सांगितलेल्या डिस्टिलेशननं काही प्रमाणात भरता येते आणि आमच्या मते नवख्यानं हाच मार्ग आधी धरावा.

जेफ्री हिंटन, ओरिओल विन्याल्स आणि जेफ डीन यांनी २०१५ मध्ये मांडलेली कल्पना अशी: मोठं मॉडेल शिक्षक, लहान मॉडेल विद्यार्थी. विद्यार्थी नुसतं बरोबर उत्तर न शिकता शिक्षकाचे सगळे गुण शिकतो. "ही रिक्षा आहे, पण थोडी टॅक्सीसारखीही दिसते" एवढी माहिती त्यात असते. गुण टी या तापमानानं सौम्य करून वापरतात, आणि त्या लॉसला (चुकीच्या मापाला) टीच्या वर्गानं (टी गुणिले टी) गुणायचं विसरलात तर शिक्षकाचा आवाज ऐकूच येत नाही. डिटेक्शनसाठी याहून सोपा आणि भक्कम उपाय म्हणजे मोठ्या मॉडेलला तुमचे लेबल नसलेले व्हिडिओ दाखवणं, ०.७ च्या वरच्या चौकटी लेबल म्हणून घेणं, आणि त्यांवर लहान मॉडेल शिकवणं. शंभरातले पाच फोटो स्वतः डोळ्यांखालून घाला. शिक्षकाला हातगाडी कळत नसेल तर विद्यार्थ्याला ती कधीच कळणार नाही.

डेप्थवाइज कन्व्होल्यूशनबद्दल थोडं: यात आधी प्रत्येक चॅनेल वेगळा चाळतात, मग पॉइंटवाइज लेयर सगळे एकत्र मिसळतो. १२८ चॅनेलचा साधा ३ बाय ३ लेयर १,४७,४५६ वेट्सचा असतो. तोच डेप्थवाइज आणि पॉइंटवाइज असा फोडला तर १७,५३६. जवळजवळ साडेआठपट बचत. पण डेप्थवाइज भागात दर बाइटमागे गणित इतकं कमी असतं की कार्ड मेमरीची वाट बघत बसतं, आणि वेळ साडेआठपट कमी होत नाही. मोबाइल चिपवर याचा फायदा जास्त दिसतो, जेटसनवर मोजूनच ठरवा.

प्रूनिंग करायचंच असेल तर अख्खे चॅनेल काढा. सुटे वेट्स शून्य केले तर फाइल दाबल्यावर लहान होते, पण कार्ड शून्यानंही तितक्याच निष्ठेनं गुणतं. अपवाद एक: ओरिनच्या चिपची अँपिअर नावाची रचना चार वेट्सपैकी दोन शून्य असण्याचा ठरावीक साचा ओळखते. जाहिरातीतला टॉप्सचा आकडा (सेकंदाला किती लाख कोटी क्रिया; या बोर्डाचा आधी ४०, २०२४ च्या शेवटापासून सुपर मोडमध्ये ६७) हा साचा गृहीत धरून आहे. साध्या मॉडेलला त्याच्या निम्माच धरा.

चॅनेल निवडताना बॅच नॉर्मलायझेशनच्या गॅमाकडे (प्रत्येक चॅनेलला गुणणाऱ्या आकड्याकडे) बघतात: ट्रेनिंगमध्ये गॅमावर एल१ दंड (आकडे शून्याकडे ढकलणारी अट) लावला की निकामी चॅनेलचे गॅमा शून्याकडे सरकतात. एका वेळी १० टक्क्यांहून जास्त काढू नका, दर वेळी काही एपॉक फाइन-ट्यून (थोडं पुन्हा ट्रेनिंग) करा, आणि उरलेले चॅनेल १६ च्या पटीत ठेवा. ६४ वरून ५३ वर आणलेला लेयर ६४ इतकाच वेळ घेऊ शकतो, कारण हार्डवेअर त्याला पुढच्या पटीपर्यंत भरून घेतं. ४८ केला तर फरक दिसतो. बेरजेनं जोडलेल्या दोन शाखांचे चॅनेल मात्र एकत्रच काढावे लागतात, नाहीतर मॉडेल बांधतानाच मोडतं.

मॉडेलला हात लावलातच तर क्रम चुकवू नका: आधी प्रूनिंग, मग डिस्टिलेशनसह फाइन-ट्यून, आणि पायरी ५ मधलं ८ बिट शेवटी पुन्हा. ८ बिट केल्यानंतर चॅनेल काढले तर सगळी स्केल पुन्हा शोधावी लागतात.

पायरी ८: टेबलावरून गाडीत

एसीतल्या टेबलावरचे आकडे मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत टिकत नाहीत. बोर्ड तापला की घड्याळ स्वतःहून मंदावतं. म्हणून बंद खोक्यात, पंखा लावून, सलग ३० मिनिटं चालवा आणि शेवटच्या पाच मिनिटांचे आकडे खरे माना. डॅशबोर्डवर काचेखाली बोर्ड ठेवू नका. सीटखाली किंवा डिकीत ठेवा आणि कॅमेऱ्याची केबल तेवढी लांब घ्या. गाडीची १२ व्होल्टची लाइन इंजिन सुरू होताना खाली येते आणि बोर्ड रीसेट होतो, तेव्हा मध्ये व्होल्टेज स्थिर राखणारा कन्व्हर्टर लागतो. लॅमिंग्टन रोडवर तो आणि हीटसिंक दोन्ही मिळतील. घेताना अँपिअरची क्षमता गरजेच्या दीडपट मागा.

प्रत्येक इंजिन फाइलसोबत एक छोटी नोंद ठेवा: ओएनएनएक्स फाइल कुठली, टेन्सरआरटीची आवृत्ती, वीज-मोड, कापायची रेघ कुठल्या ओळीवर, कॅलिब्रेशनचा संच कुठला, आणि खानेनिहाय रिकॉल. कॅमेरा किंवा लेन्स बदलली, किंवा कॅमेऱ्याचा कोन दोन-चार अंश हलला, तर कापायची रेघ आणि कॅलिब्रेशन दोन्ही पुन्हा करा. पावसाळा तोंडावर आला की मागच्या वर्षीच्या पावसाच्या फेऱ्यांवर चाचणी पुन्हा चालवा, आणि वायपर काचेच्या मधोमध आलेला असतानाच्या फ्रेम वेगळ्या काढून बघा. त्या फ्रेममध्ये हरवलेली चौकट ट्रॅकर पुढच्या फ्रेमपर्यंत सांभाळतो की नाही, ते तिथे दिसेल.